सहावं टिंब

माणसं मला त्यांच्या बटणांवरून लक्षात राहतात. मुलुंडला कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे, तिचा डावा हात लहानपणापासून चालत नाही. तिच्या लॅपटॉपवर लागणारं सगळं मी उजव्या बाजूला आणून ठेवलं. अंधेरीला बँकेतले एक साहेब आहेत. त्यांच्या लॅपटॉपचं बंद करायचं बटण कुण्या शहाण्यानं डिलीटच्या शेजारी बसवलेलं. एक अक्षर खोडायला जायचं आणि अख्खा लॅपटॉप बंद करून बसायचं, असं त्यांचं आठवड्यातून दोनदा व्हायचं. ते बटण मी कायमचं मुकं करून टाकलं, तेव्हापासून ते दर संक्रांतीला न चुकता फोन करतात. यांच्यापैकी कुणाचाच चेहरा मला माहीत नाही. मी जन्मापासून आंधळा आहे. दुसरे गोड शब्द ज्यांना वापरायचे त्यांनी खुशाल वापरावेत, माझं त्यावाचून काही अडत नाही.

घाटकोपरला एका लहानशा प्रशिक्षण केंद्रात मी बसतो. आमच्यासारखे लोक लॅपटॉप वापरतात तो स्क्रीन रीडरच्या जोरावर, म्हणजे पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या जोरावर. माऊसचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. सगळा कारभार कीबोर्डवर आणि बोटांच्या सवयीवर. आणि लॅपटॉप बनवणारे दर वर्षी नवीन काहीतरी काढतात. आकड्यांची पट्टी उडवतात, इन्सर्टसारखं कामाचं बटण कुठल्यातरी कोपऱ्यात कोंबतात. स्क्रीन रीडरला हुकूम द्यायला नेमकं तेच लागतं. मग मी ते काम कॅप्स लॉकला देतो. आपल्या लिपीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही, तेव्हा कॅप्स लॉक तसाही आमच्याकडे नुसता बसून खातो. असा एकेकाचा हात हातात घेऊन, बोटं कुठवर पोचतात ते बघून मी त्याचा कीबोर्ड लावून देतो. इतकी वर्षं हे केलं की माणसाला थोडा गर्व होतो. मलाही झाला होता.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे शाळेत आम्हाला ब्रेल शिकवणाऱ्या बाई. त्याही आंधळ्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि बोरिवलीला भाचीकडे राहतात.

"अरे, तू लॅपटॉप दुरुस्त करतोस म्हणे."

"दुरुस्त नाही हो बाई. बटणं इकडची तिकडे करतो."

"तेच ते. भाचीनं तिचा जुना लॅपटॉप दिलाय. यंदाची दिवाळीची पत्रं मला माझ्या हातानं लिहायची आहेत. कधी येतोस?"

नमस्कार नाही, कसा आहेस नाही. पण 'दिवाळीची पत्रं' म्हटल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

बाई दर दिवाळीला आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना ब्रेलमध्ये पत्र लिहीत. प्रत्येकाला वेगळं. शाळा सुटून तीस-तीस वर्षं झालेल्यांनाही. ब्रेलचं टपाल तिकिटाशिवाय जातं, त्यामुळे बाई हात राखून लिहीत नसत. चार-चार जाड पानं यायची. बाईंचं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही. आम्ही तीसेक जण आणि ती पत्रं, एवढाच त्यांचा गोतावळा. मग त्यांचा संधिवात वाढला. टोचणी हातात धरून जाड कागदात टोचायला मनगटात जोर लागतो, तो राहिला नाही. ब्रेलच्या मशीनची बटणं तर आणखी जड. दोन दिवाळ्या पत्रांवाचून गेल्या. आम्ही फोन करायचो. बाई दोन वाक्यं बोलून फोन ठेवायच्या.

ते पत्र म्हणजे काय होतं, हे सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

आमचं घर असल्फ्याला, टेकडीवर. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. मी शाळेच्या हॉस्टेलवर राहायचो आणि दिवाळीत घरी यायचो. पोस्टमन टेकडी चढून यायचा तो बहुतेक गावच्या पत्रासाठी. गावचं पत्र आलं की शेजारचं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि अख्ख्या गल्लीला आमच्या काकाच्या जमिनीची भानगड कळायची. माझं प्रगतिपुस्तकसुद्धा दुसरं कुणीतरी वाचायचं आणि मग मला सांगायचं. पण दिवाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाईंचं पत्र यायचं. ते आई उघडायची, उलटंपालटं करायची आणि माझ्या मांडीवर ठेवायची. घरातल्या कुणालाच ते वाचता यायचं नाही. आमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे कुणाचं काही लपत नसे, तिथे फक्त माझं असं ते एकच होतं.

वडील जेवताना विचारायचे, "काय म्हणतत रे बाई?"

"अभ्यास कर म्हणतात," मी सांगायचो. बाईंनी बहुतेक वेळा अभ्यासाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नसायचं. एकदा त्यांनी लिहिलं होतं, त्यांना हॉस्टेलची फोडणीची खिचडी मुळीच आवडत नाही आणि हे मी कुणाला सांगू नये. मी आजवर सांगितलं नव्हतं.

तर ही पत्रं पुन्हा सुरू व्हायची होती. दिवाळीला वीस दिवस होते.

घाटकोपरहून मेट्रो धरली. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला उतरून गुंदवलीची दुसरी मेट्रो, आणि मागाठाण्याला उतरून रिक्षा. पुलावर एका सद्गृहस्थानं न विचारता माझं कोपर धरलं आणि मला भलत्याच जिन्याकडे ओढत नेलं. पुण्य कमवायची लोकांना फार घाई असते. मी त्यांना नीट सांगितलं, ते जरा आवाज चढवूनच. बाईंच्या दारात पोचलो तेव्हा आत भाजणीचा वास होता आणि भाची म्हणत होती, "मावशी, आले गं दादा."

बाईंनी माझा हात हातात घेतला आणि पहिल्यांदा माझी बोटं चाचपली. "नखं कापत जा," म्हणाल्या. मग मी त्यांची बोटं बघितली. मला वाटलं होतं त्याहून वाईट होती. सांधे सुजलेले, आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वर उचललेलंच राहिलेलं, पूर्ण खाली येतच नव्हतं. याच बोटांनी माझं बोट धरून मला 'अ' शिकवला होता. मी घाईघाईनं लॅपटॉप कुठे आहे असं विचारलं.

भाची म्हणाली, "दादा, मी सांगितलं मावशीला, तोंडानं बोल की. फोन लिहून घेतो आता. झकास काम होतं."

"बोलून बघितलं ना," बाई म्हणाल्या. "हॉलमध्ये बसून मी बोलतेय, आणि ही आतून विचारतेय, मावशी, तो कोण ज्याची बायको सोडून गेली? असं लिहितात का पत्र?"

भाची हसली. मीही हसलो. पण त्यांचं म्हणणं मला आतपर्यंत कळलं होतं.

बाईंना इंग्रजी टायपिंग येत नव्हतं आणि ऐंशीव्या वर्षी शिकायचं नव्हतं. त्यांच्या बोटांना ब्रेल येत होतं. त्यावर एक तोड आहे. ब्रेलमध्ये एका अक्षराला सहा टिंबांची जागा असते. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. कुठली टिंबं उठली त्यावरून अक्षर ठरतं. लॅपटॉपवर मधल्या ओळीतली सहा बटणं त्या सहा टिंबांना नेमून देता येतात. डाव्या हाताची तीन बोटं एफ, डी, एसवर, उजव्या हाताची तीन जे, के, एलवर. बाकीचा सगळा कीबोर्ड मुका करायचा. मग अक्षराला लागतील तेवढी बटणं एकदम दाबायची, लॅपटॉप ते अक्षर लिहितो आणि बोलूनही दाखवतो. कानात एक इयरफोन घातला की ते दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही. मी स्वतः तसंच लिहितो. बटणांना टोचणीसारखा जोर लागत नाही, नुसतं टेकवलं तरी पुरतं.

पहिल्या दिवशी मी सगळं लावून दिलं आणि क, म, र, ल दाबून बघितले. छान चाललं. मग बाई बसल्या. त्यांनी 'क' दाबला आणि लॅपटॉप "क" म्हणाला तेव्हा बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी भाचीला आतून बोलावून पुन्हा 'क' दाबून दाखवला. भाचीनं तळलेली पहिली चकली मला दिली. मी घरी गेलो तो गाणं गुणगुणत.

तीन दिवसांनी पुन्हा गेलो. बाई लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"चुकतंय," म्हणाल्या. "मी 'दिवाळी' लिहिते आणि हा 'दिलाळी' म्हणतो."

"लिहा बघू."

मी समोरच्या खुर्चीत बसलो. बटणांचा टकटक आवाज आला, आणि लॅपटॉप त्याच्या त्या रडक्या मराठीत म्हणाला, "दिलाळी."

मला लगेच कळलं, म्हणजे लगेच कळलं असं वाटलं. 'व'ला पहिलं, दुसरं, तिसरं आणि सहावं टिंब लागतं. सहावं राहिलं की त्याचा 'ल' होतो. आणि सहावं टिंब कुठल्या बोटाखाली? त्याच उचललेल्या, वाकड्या बोटाखाली.

"बाई, सहावं टिंब दाबलं जात नाहीये तुमच्याकडून."

"दाबतेय रे."

"तुम्हाला वाटतंय दाबताय. बोट पोचत नाही तिथवर. पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केलं. दिलाळी. पुन्हा. दिलाळी. 'ट'चा 'त' होत होता, 'ध'चा 'स'. सगळीकडे तेच सहावं टिंब गळत होतं. मी त्यांना सराव दिला. रोज 'व' शंभर वेळा, पुढच्या खेपेला मी येईन तोवर. शाळेत बाई आम्हाला देत तसा.

तिसऱ्या खेपेलाही तेच झालं. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी मी मुलुंडहून थेट आलो होतो, उन्हात वणवण झाली होती, डोकं तापलेलं. पाचव्यांदा 'दिलाळी' ऐकल्यावर मी जे बोललो ते मला आजही आठवतं.

"बाई, आता वय झालंय तुमचं. बोटं नाही ऐकत. यात कुणाचा दोष नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. कुणाला कळणार पण नाही."

बाईंनी लॅपटॉपचं झाकण लावलं. हळू लावलं. "बरं," म्हणाल्या. मग भाचीला हाक मारली, "हा घेऊन जा गं. तुझ्या कुणाला उपयोगी पडत असेल तर देऊन टाक."

वाद घातला असता तर बरं झालं असतं. बाई वाद घालणाऱ्या होत्या, मुख्याध्यापकांशी भांडून त्यांनी आम्हाला सहलीला वर्सोव्याच्या जेटीवर नेलं होतं. पण माझ्या तोंडून बोटांबद्दल ऐकल्यावर त्यांनी ते खरं मानलं. शेवटी मी या कामातला माहीतगार होतो ना. मी चहा न घेता निघालो, आणि खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी मला वाटलं, बाईंना लिहिता येत नाही तर निदान आपण त्यांना पत्र लिहावं. तेही लॅपटॉपवर नाही, नीट कागदावर. कपाटातून मी जुनी ब्रेलची पाटी काढली. ही पाटी म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन धातूच्या पट्ट्या असतात. मधे जाड कागद धरायचा आणि वरच्या पट्टीच्या खिडक्यांतून टोचणीनं टोचायचं. कागदाच्या मागच्या बाजूला टिंबं उठतात. कितीतरी वर्षांत तिला हात लावला नव्हता. कागद लावला आणि अंगठा बिजागरीवर टेकवला. ती घट्ट होती. आणि ती पाटी माझ्याकडे कशी आली ते आठवून मी टोचणी खाली ठेवली.

मी पाचवीत असताना माझ्या अक्षरांतलं सहावं टिंब उठायचं नाही. बाई माझ्या वहीवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आळशी. पूर्ण टोचत नाहीस." मी टोचत होतो. हात दुखेपर्यंत टोचत होतो. बाईंनी मला आठ दिवस मधल्या सुट्टीत उभं राहून 'व' लिहायला लावला. बाकीची पोरं बाहेर घुंगरांच्या चेंडूनं क्रिकेट खेळायची, तो आवाज मला ऐकू यायचा आणि मी रडत रडत टोचायचो. रडताना नाक कागदावर गळायचं, त्यावरून आणखी बोलणी. नवव्या दिवशी बाई माझ्या बाकावर येऊन बसल्या. म्हणाल्या, सरक. माझी पाटी घेतली, माझीच टोचणी घेतली आणि स्वतः 'व' लिहिला. कागद उलटा केला, बोट फिरवलं. मग पाटी चाचपली. पाटीची बिजागरी सैल झाली होती. वरची पट्टी एका अंगाला झुकायची आणि तेवढंच एक टिंब कागदाला धड लागायचं नाही. बाई उठल्या, आपल्या टेबलावरून स्वतःची पाटी आणली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "ही तुझी," म्हणाल्या आणि पुढचा धडा सुरू केला. ती पाटी म्हणजे ही.

बाई माझ्या जागेवर येऊन बसल्या होत्या. आणि मी? तीन खेपा बोरिवलीला गेलो, शेवटच्या दोन्ही वेळा समोरच्या खुर्चीत बसून लॅपटॉपनं जे म्हटलं ते ऐकलं आणि बाईंच्या बोटाला दोष दिला. त्यांना सरावाला लावलं तेव्हासुद्धा मी एकदाही त्यांच्या खुर्चीत बसून 'व' दाबून बघितला नव्हता.

आणि मग मला 'दिलाळी'तला शेवटचा 'ळ' आठवला. 'ळ'लाही सहावं टिंब लागतं. तो दर वेळी बरोबर येत होता. बाईंचं बोट पोचत नसतं तर 'ळ'ही गेला असता. हे मला, दिवसभर लोकांना हेच शिकवणाऱ्या माणसाला, ऐकूनही ऐकू आलं नव्हतं. काही स्वस्तातले कीबोर्ड एकदम दाबलेली सगळी बटणं मोजत नाहीत, ठराविक दोन दाबलेली असली की तिसरं गिळून टाकतात. हे मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. माझी स्वतःची इतकी लाज मला फार थोड्या वेळा वाटली आहे.

मी भाचीला फोन लावला. "लॅपटॉप कुणाला दिला नाही ना?"

"नाही अजून. उद्या आमच्या कामवालीच्या मुलीला द्यायचाय. का हो दादा?"

"देऊ नका. निघालोच मी."

बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी पाया पडलो नाही की काही नाही, सरळ म्हटलं, "बाई, सरका." त्या उठून बाजूला झाल्या. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि माझ्या धडधाकट बोटांनी 'दिवाळी' लिहिलं.

"दिलाळी," लॅपटॉप म्हणाला.

मी एल इतक्या जोरात दाबला की बोट दुखलं. दिलाळी. बाईंना सगळं ऐकू येत होतं. भाची सुद्धा हातातलं पीठ तसंच घेऊन येऊन उभी राहिली.

"बाई, बोट तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो. "हा कीबोर्ड नालायक आहे. डी आणि एस दाबलेले असले की याला एल कळतच नाही. 'ळ'ला ती दोन लागत नाहीत, म्हणून तो बरोबर यायचा. मी तपासायला हवं होतं. तपासलं नाही आणि तुम्हाला वाट्टेल ते बोललो. चूक माझी."

मला वाटलं आता ऐकावं लागणार, आणि खरं तर मला ऐकायचंच होतं.

"मग आता बोलत काय बसलायस?" त्या म्हणाल्या. "बटण बदल ना त्याचं."

एलच्या शेजारचं बटण घेतलं, तेही गिळलं गेलं. खालच्या ओळीतलं घेतलं, तिथे बाईंचं बोट खरोखरच वळेना. मग वरच्या ओळीतलं ओ. डी, एस आणि ओ एकदम दाबले, तिन्ही पोचले. आणि गंमत म्हणजे बाईंचं ते वर उचललेलं बोट आपोआपच ओवर टेकत होतं. त्याला खाली यायची गरजच नव्हती. इतके दिवस मी त्या बोटाला बटणापाशी आणायला बघत होतो. मी बाजूला झालो. बाई बसल्या, आणि 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी मुळाक्षरं त्यांनी एकेक करून दाबली. 'ट' आला. 'ढ'ला सहाच्या सहा टिंबं लागतात, तोही आला. 'ध' आला. 'व' आला तेव्हा भाचीनं पिठाच्या हातानंच टाळी वाजवली आणि सगळ्या फरशीभर पीठ झालं.

"आता तू घरी जा," बाई मला म्हणाल्या. "मला लिहायचंय."

मग सात दिवस बाई लिहीत होत्या. भाची सांगायची, मावशी जेवायला उठत नाही, कानात ते घालून बसलेली असते आणि मधेच एकटीच हसते. एकदा रडलेलीही भाचीनं बघितली, पण विचारायची सोय नव्हती. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिनं सगळी पत्रं मला मेलवर पाठवली. आमच्या केंद्रात ब्रेल छापायचं मशीन आहे. जाड कागदावर टिंबं ठोकताना ते इतकं दणादणा वाजतं की खालचा दुकानदार वर बघायला येतो. त्याआधी बाईंचा फोन आला होता.

"छापायचं. वाचायचं नाही."

"नाही वाचणार."

"बोट लागलं की वाचलं जातं, मला शिकवू नकोस. कडेला धरायचं. शेवटचं तुझं आहे, तेवढं वाच."

मी कडेला धरूनच घड्या घातल्या. ज्यांना बोटांनी वाचता येतं त्यांनाच कळेल की हे किती कठीण आहे. एकदा अंगठा घसरला आणि 'तुझी बायको' एवढं वाचलं गेलं, तेव्हा मी हात झटकन मागे घेतला. पाकिटं केली, केंद्रातल्या एका डोळस मुलीकडून त्यावर पत्ते लिहून घेतले आणि पोस्टात टाकली. मग माझं घेऊन मी घरी आलो, खिडकीत बसलो आणि मांडीवर पसरलं. बाहेर पोरांनी लवंगी फटाके सुरू केले होते.

पहिली तीन पानं नेहमीसारखी. भाचीची चकली यंदा कडक झाली. मेट्रोत बसायची त्यांना फार इच्छा आहे, मी एकदा घेऊन जावं. हॉस्टेलच्या खिचडीचं मी कुणाला सांगितलं तर नाही ना. शेवटच्या पानावर एवढंच होतं:

"त्या दिवशी तू माझ्या खुर्चीत बसून 'चूक माझी' म्हणालास. मला पाचवीतला तू आठवलास. तुझी पाटी सैल होती आणि मी तुला आठ दिवस उभं केलं. नंतर मी तुला माझी पाटी दिली, पण तुझ्यासारखं बोलले नाही. बाईनं पोराला असं म्हणायचं नसतं असं तेव्हा वाटलं, आणि पुढे दर दिवाळीला लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं. दोन वर्षं हात चालत नव्हता तेव्हा हेच एक मनात होतं, की ते लिहायचं राहिलं. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं ते नव्हतं. चूक माझी होती. ती पाटी असेल तर तिच्यावर उत्तर लिही. वाट बघते."

मी शेवटच्या दोन शब्दांवरून पुन्हा बोट फिरवलं. 'वाट'मधल्या 'व'ला आणि 'ट'ला, दोन्हींना सहावं टिंब होतं. मग पाटी घेतली, कागद लावला आणि 'प्रिय बाई' असं लिहायला घेतलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर गळू लागलं, तेव्हा कागद बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.